दहावा बोल्ट

मोटार रस्त्यात बंद पडली की तिच्याभोवती सगळ्यात आधी जमतात ती मोटारीतलं काहीही न कळणारी माणसं. ज्याला कळतं तो लांबून वळसा घालून जातो, कारण जवळ गेलं की हात काळे होतात. चाळीस वर्षं मी अशा गर्दीत खाली वाकून काम केलं आणि वरून पडणारे सल्ले पाठीवर झेलले. संपादकांनी माझ्याकडं थरारक अनुभव मागितले आहेत. मोटारदुरुस्तीत थरार कमी आणि ग्रीस जास्त असतं. तरी एका मोडलेल्या बोल्टाची हकीकत सांगतो. ती ऐकून कुणाच्या अंगावर काटा येणार नाही, पण माझ्या अंगावर अजून येतो.

आम्ही शिकलगार. आमच्या घराण्यानं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या तलवारींना धार लावली. पुढं लढाया संपल्या, तलवारी भिंतीवर टांगल्या गेल्या आणि आमच्या दगडावर विळे-कोयते आले. थोरल्या महाराजांच्या राज्यात शहरात मोटारी दिसू लागल्या तेव्हा मी ऐन तिशीत होतो. मुंबईला एका मोटारीच्या कारखान्यात दोन वर्षं राबून परत आलो, आणि इथं दुसरा कुणी नसल्यामुळं एकदम मोठा मिस्त्री झालो. ओसाड गावी एरंड बळी, दुसरं काय.

मला नोकरी दिली ती एका जहागीरदारांनी. त्यांना आपण आबासरकार म्हणू. खरं नाव सांगत नाही, कारण त्यांच्या नातवाकडं अजून मोटार आहे आणि ती अजून बिघडते. आबासरकारांचा एकच हट्ट होता. मोठ्या दरबारात जे जे असेल ते ते आपल्याकडंही असलं पाहिजे, मग ते एकेक का असेना. दरबारात हत्ती होते, यांच्याकडं एक म्हातारी हत्तीण होती. दरबारात खात्यांमागून खाती होती, यांच्याकडं एक कारभारी होते. ते सगळी खाती एकटे सांभाळत आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्याला स्वतःच पत्रं लिहीत. उत्तर यायला मात्र आठ दिवस लागत. आणि दरबारच्या आश्रयाला नामांकित मल्ल होते, तर आमच्याकडं एक पैलवान होता, कसबा बावड्याचा दत्तू.

दत्तूला मोटारखान्यात घेण्याचं कारण साधं होतं. त्या काळच्या मोटारीला बटण दाबून सुरू व्हायची सवय नव्हती. पुढं तिच्या नाकाखाली लोखंडी हँडल घालून जोरानं फिरवावं लागे, आणि इंजिनाला लहर आली तर ते उलटा झटका देई. त्यात एका शिपायाचं मनगट गेलं होतं. दत्तू ताक घुसळावं तसं ते हँडल फिरवायचा. बदल्यात त्याला सरकारांकडून खुराक होता, म्हणजे दूध, तूप, बदाम आणि वर्षाची दोन धोतरं. त्याच्या घरी तीन बिघे रान आणि खाणारी सात तोंडं. तिथं पैलवानाचं पोट भरणं शक्यच नव्हतं. दिवाळीनंतर त्याची मिरजेच्या एका नावाजलेल्या मल्लाशी कुस्ती ठरली होती. ती मारली की मोठ्या तालमीचा दरवाजा उघडणार, एवढ्या एका आशेवर तो पहाटे दोन हजार बैठका काढून मग माझ्या मोटारीचं नाक पिळायला येई.

आमच्याकडच्या मोटारीची हयात मजेत चालली होती. सरकारांच्या आईसाहेबांनी तिला आणल्या दिवशी ओवाळून तिच्या पुढच्या जाळीवरच नारळ फोडला. तिची पाण्याची टाकी तेव्हापासून गळत होती. चालवायला ठेवलेला माणूस आधी बग्गीवर होता. गाडी थांबवायची झाली की तो चाक दोन्ही हातांनी छातीकडं ओढून ‘हो हो’ म्हणायचा. गाडी थांबायची नाही, पण समोरची माणसं ऐकून बाजूला व्हायची. म्हणून ब्रेक शिकवायची मीही घाई केली नाही.

त्या वर्षी आबासरकारांनी ठरवलं की दसऱ्याला सोनं लुटायला मोटारीतून जायचं. बाकीचे सरदार घोड्यावर असणार, त्यांच्या नाकावर टिच्चून धूर सोडत आपण पुढं निघायचं. दसऱ्याला सहा दिवस होते. मोटार चढावर धापा टाकत होती. इंजिनात काजळी साठली की असं होतं. तिच्या डोक्यावरचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं झाकण उघडून आतली काजळी खरवडायची, एवढंच काम. झाकणाला दहा बोल्ट होते. नऊ निघाले. दहावा निघेना.

इथं बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. गंज चढलेला बोल्ट न निघणं ही रोजची गोष्ट. त्यावर एकच औषध, घासलेट आणि दम. बोल्टाच्या मुळाशी घासलेट सोडायचं, हातोडीनं हलके ठोके द्यायचे आणि घरी जाऊन जेवायचं. सकाळी परत तेच. दोन दिवसांत घासलेट आट्यांमधून, म्हणजे बोल्टाच्या पिळांमधून, खाली झिरपतं आणि बोल्ट मुकाट्यानं फिरतो. जोर लावला तर त्याची मान मोडते आणि धड आत राहतं. मुंबईच्या माझ्या उस्तादांनी हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि पुढं मीही ते प्रत्येकाला आवाज चढवून शिकवत आलो.

पण त्या दिवशी मोटारखान्याच्या दारात पाहुणे उभे होते. आबासरकारांचे मेहुणे, आजऱ्याहून आलेले, गळ्यात सोन्याची साखळी. स्वतः सरकार पूजेत होते म्हणून हे वेळ घालवायला माझ्याकडं आले. मी त्यांना इंजिन समजावून सांगत होतो, जरा जास्तच समजावून सांगत होतो. दत्तू पाना धरून दहाव्या बोल्टाशी झुंजत होता. मेहुणे हसून म्हणाले, कोल्हापूरच्या मिस्त्रीला आणि पैलवानाला मिळून एक खिळा निघंना होय.

बोल्टाला खिळा म्हटल्याचं मला फार लागलं. दत्तूला म्हटलं, लाव जोर.

त्यानं पाना थोडा दाबला आणि थांबला. “मिस्त्री, ह्यो फिरत न्हाय, पिळतोय,” तो म्हणाला. “हाताला कळतंय मला. आज ऱ्हाऊ दे.”

बरोबर होतं त्याचं. मोडण्याआधी बोल्ट हाताला मऊ लागतो. माझ्या हाताला ते कळायला दोन वर्षं लागली होती. ज्याचा सगळा जन्म दुसऱ्याच्या मनगटाचा अंदाज घेण्यात गेला, त्याला ते पहिल्याच बोल्टावर कळलं. ते त्यानं पाहुण्यांसमोर मला शिकवावं याचा मला राग आला. मी म्हणालो, “तू हँडल मारायला हाईस. डोस्कं चालवायला मी हाय. लाव म्हटलं की लावायचा.”

त्यानं लावला. बोल्ट कडकन मोडला, आणि वरचा तुकडा पान्यासकट त्याच्या हातात आला.

मेहुण्यांनी ‘अरेरे’ म्हटलं आणि ते नाश्त्याला निघून गेले. दुसऱ्या दिवशी आजऱ्यालाही गेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण पाहुण्यानं यजमानाच्या घरच्या भानगडीत पडू नये ही रीत त्यांनी कसोशीनं पाळली.

बाकीचे बोल्ट निघाल्यामुळं झाकण उचललं गेलं. दहाव्याचं धड मात्र इंजिनात, वरच्या सपाटीच्याही खाली, रुतून बसलेलं. चिमट्यात येईना, छिन्नी लागेना. आणि कारभाऱ्यांनी चौकशी लावली. मोडलेला अर्धा बोल्ट रुमालात बांधून त्यांनी टेबलावर ठेवला आणि प्रत्येकाची जबानी लिहून घेतली. मला विचारलं, बोल्ट कुणाच्या हातून मोडला? मी म्हणालो, दत्तू पैलवानाच्या. अक्षर न अक्षर खरं होतं ते. कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दत्तूला विचारलं, तुझ्या हातून मोडला का? तो म्हणाला, व्हय. पुढं आणखी काहीतरी बोलणं निघेल म्हणून त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहत होतो. तिथं एक पाल होती, ती मला अजून आठवते.

निकाल लागायला कारभाऱ्यांना या वेळी आठ दिवस लागले नाहीत, आठ मिनिटं पुरली. पैलवान म्हटलं की मोडतोड करणारच, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. दत्तूचं काम गेलं, खुराक बंद झाला. त्याच्या जागी कारभाऱ्यांचा भाचा आला. त्याचे दंड पाहून मला वाटलं, हँडलच याला फिरवील. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. त्यातला चोर दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर कसा येतो, हे तेव्हा अनुभवलं.

मग सल्ल्यांना ऊत आला. माहूत म्हणाला, बोल्टाला साखळी अडकवा, हत्तीण ओढील. साखळी कशाला अडकवायची हे त्यानं हत्तिणीवर सोडलं होतं. शास्त्रीबुवांनी मोटारीची रास विचारली. वैद्यांनी एरंडेल सुचवलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत तेच सत्याच्या जवळ होतं. स्वतः आबासरकार आले, वाकून भोकात पाहिलं आणि म्हणाले, “एका पैलवानानं मोडला न्हवं? मग दोन पैलवान लावा, निघंल.” मी ‘जी’ म्हणालो. नोकरीत ‘जी’ म्हणजे ऐकलं, एवढाच अर्थ असतो.

दोन दिवस मी घासलेट घातलं. पंपाच्या दिव्याचा झोत मारून भोवतालचं बीड तापवलं, थंड होऊ दिलं, परत तापवलं. बोथट पोलादी पंच टेकवून उलट्या दिशेनं ठोके दिले. बोल्ट हलला नाही. आता शेवटचा उपाय उरला. मोडक्या धडाच्या बरोबर मध्यात भोक पाडायचं, त्यात एक चौकोनी, टोकाकडं निमुळती पोलादी खुंटी ठोकायची आणि ती उलटी फिरवायची. खुंटी मी जुन्या कानशीतून घडवली. पोलादाला पाणी देण्याची कला आमच्या रक्तातली. रंग गव्हासारखा उतरला की पाण्यात सोडायचं, हे मला कुणी मुंबईला शिकवलं नव्हतं.

खुंटी झाली, पण भोक पाडायला माणूस मिळेना. वीज नव्हती. छातीनं दाबायचं हातड्रिल होतं. जागा अशी अडचणीची की एकानं इंजिनावर ओणवं होऊन छातीचा भार द्यायचा, आणि दुसऱ्यानं बाजूनं चाक फिरवत नजर ठेवायची. भार केसभर इकडं तिकडं झाला की भोक कडेला सरकतं, इंजिनातले आटे खरवडले जातात, आणि मग विलायतेहून नवं इंजिन येईपर्यंत दसरे मोजत बसायचं. माहुताला उभा केला, तो बोलताना हलायचा आणि बोलायचा थांबायचा नाही. शिपायाला तपकिरीची शिंक आली. कारभाऱ्यांच्या भाच्याला तर पंधरा मिनिटांत घेरीच आली. दसऱ्याला दोन दिवस उरले होते.

मी बावड्याला गेलो. दत्तू उसाला पाणी पाजत होता. चार दिवसांत माणूस वाळत नाही, तरी मला तो वाळलेला दिसला. बांधावर उभा राहून मी काम सांगितलं. त्यानं फावडं टेकवलं.

“सरकारनी बलिवलंय का तुमी?”

“मी.”

तो परत वाफ्याकडं वळला. मग मीच म्हणालो की तू एवढा आलास तर बोल्ट निघाल्याबरोबर मी सरकारांना खरं काय ते सांगतो.

“निघायच्या आदी सांगा की,” तो म्हणाला.

मी म्हणालो, आधी सांगितलं तर मला काढतील, मग बोल्ट कोण काढणार? त्यानं फावडं बांधावर टाकलं. पाय धुऊन तो माझ्याबरोबर निघाला. वाटेत एवढंच म्हणाला की मिरजेच्या मल्लाला अजून नाही कळवलेलं. पंधरा दिवसांत खुराक परत सुरू झाला तर कुस्ती जमंल.

कारभारी जेवायला गेले होते ती वेळ साधून मी त्याला मोटारखान्यात घेतला. तो इंजिनावर ओणवा झाला, ड्रिलची पाटी छातीला लावली आणि श्वास सोडून स्थिर झाला. दोन तास मी चाक फिरवत होतो. दोन तास त्या माणसानं भार तसूभर वाढवला नाही की कमी केला नाही. घाम त्याच्या नाकावरून इंजिनात ठिबकत होता आणि तो पुसायलाही त्यानं हात उचलला नाही. मी आयुष्यात पुष्कळ यंत्रं पाहिली, पण इतकं सरळ धरलेलं ड्रिल पाहिलं नाही. भोक बरोबर मध्यात उतरलं.

खुंटी ठोकली. पाना लावला आणि तो दत्तूच्या हातात दिला. म्हटलं, तुझा हात सांगंल तसं कर. तो दाबायचा, थांबायचा, परत सैल सोडायचा. बराच वेळ तसाच गेला. मग म्हणाला, “आला.” मला काहीच दिसलं नव्हतं. थोड्या वेळानं चिमूटभर गंजाची भुकटी वर आली आणि बोल्ट फिरू लागला. शेवटचे आटे मी बोटांनी काढले. इंजिनातल्या आट्यांना ओरखडासुद्धा नव्हता. मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

वर्दी गेली आणि आबासरकार, कारभारी, माहूत, शास्त्री सगळेच आले. सरकारांनी बोल्टाचा तुकडा तळहातावर घेऊन मोत्यासारखा निरखला आणि ताबडतोब फेटा मागवला. दत्तू भिंतीशी हात पुसत उभा होता. त्याला तिथं पाहून कारभाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. मी मनाचा हिय्या केला.

म्हणालो, “सरकार, बोल्ट दत्तूनं मोडला न्हाई. त्यो नको म्हणत हुता. जोर लाव म्हणून मीच दटावलं. चूक माझी हाय, त्याला परत घ्या.”

आबासरकारांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कारभाऱ्यांकडं वळून म्हणाले, “बगा, ह्येला माणूस म्हंत्यात. एका गरिबाची भाकरी वाचवायला दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेतोय.”

मी परत म्हणालो की सरकार, हे खरंच आहे. कारभारी मंद हसले. म्हणाले, “मिस्त्री, तुमची जबानी तुमच्या सहीनं माझ्याकडं आहे. चौकशीचा निकाल लागलेला आहे. निकालानंतर खरं बदलत नसतं.” आणि सरकारांनी फेट्याबरोबर मला एक शेलाही जाहीर केला. दत्तूचं काय, तर दसरा झाल्यावर बघू.

मी तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं. जबानीत मी काय गाळलं ते सांगायला हवं होतं, आजऱ्याच्या पाहुण्यांना विचारा म्हणायला हवं होतं. पण सरकारांच्या मानकऱ्यानं डोक्याला फेटा बांधायला घेतला होता, आणि तो बांधत असताना मान हलवू नये असं म्हणतात. मी हलवली नाही.

बांधून झाल्यावर पाहिलं तर दत्तू दाराबाहेर पडला होता. मी तसाच फेट्यासकट धावत गेलो आणि त्याला वेशीपाशी गाठलं. मी सांगितलं होतं, तू ऐकलंस ना, असं काहीबाही बोलू लागलो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. रागावलेला दिसला नाही.

“मिस्त्री, चौकशीत बोलला असतासा तर माझी भाकरी ऱ्हायली असती,” तो म्हणाला. “आज बोललासा, तुमाला फेटा मिळाला. कवा बोलायचं त्ये तुमाला बराबर कळतंय.”

आणि तो बावड्याच्या रस्त्याला लागला.

दसऱ्याला मोटार घोड्यांच्या पुढं गेली. दसरा झाल्यावर कुणी काही बघितलं नाही. मिरजेच्या मल्लाला दत्तूनं कुस्ती सोडल्याचा निरोप धाडला आणि पुढं त्यानं कधी आखाड्यासाठी लांग चढवली नाही. माझ्या मनाच्या मोठेपणाची गोष्ट मात्र गावभर झाली. लग्नाकार्यात लोक माझ्याकडं बोट दाखवून ती आपल्या पोरांना सांगत, आणि मी मान खाली घालून सुपारी कातरत बसे. ती खोडून काढायला मला पुष्कळ सवड होती. आता आबासरकार नाहीत, कारभारी नाहीत, संस्थानही राहिलं नाही. गेल्या चैत्रात दत्तू वारल्याचं कळलं, आणि या आश्विनात मी हे लिहायला बसलो.